ग्रीनलंडला जुलैमध्ये जायचे आहे: नूक, इलुलिस्सात आणि राखीव दिवस यांचा मेळ कसा घालावा?

प्रश्न: वाटेवरचा

पुढील वर्षी जुलैच्या उत्तरार्धात मी, पत्नी आणि माझी आई असे तिघे ग्रीनलंडला जाण्याचा विचार करीत आहोत. आईचे वय सत्तरीच्या आसपास आहे. ती रोज चालते, परंतु खडकाळ चढ-उतार तिला झेपत नाहीत, आणि ती पूर्ण शाकाहारी आहे. हाताशी दोन आठवड्यांहून थोडा कमी वेळ आहे. नूक ही राजधानी, इलुलिस्सातचा हिमफ्योर्ड (हिमनगांनी भरलेली समुद्राची अरुंद, लांब खाडी), कांगरलुस्सुआकहून दिसणारी हिमचादर आणि जमल्यास दक्षिणेकडील नॉर्स, म्हणजे मध्ययुगीन स्कँडिनेव्हियन वसाहतकारांचे, अवशेष, एवढे सगळे पाहावे असा मूळ बेत होता. नकाशावर ही ठिकाणे एकाच किनाऱ्यावर दिसतात; मात्र त्यांना जोडणारा रस्ता नाही असे समजल्यापासून बेताविषयी शंका वाटू लागली आहे.

आमचे पासपोर्ट भारतीय आहेत. युरोपातील बहुतेक देशांसाठीचा सामाईक शेंगेन व्हिसा पुरेसा होतो की ग्रीनलंडसाठी वेगळी परवानगी लागते? कोपनहेगनमार्गे जावे की आइसलंडमार्गे? हवामानामुळे विमाने रद्द होतात असे सगळीकडे वाचतो, तेव्हा राखीव दिवस किती ठेवावेत आणि ते प्रवासाच्या आरंभी, मध्ये की शेवटी? शाकाहारी व्यक्तीने तेथे काय खावे? ज्यांनी असा प्रवास केला आहे किंवा ज्यांना तेथील व्यवस्थेची माहिती आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: नियमवाचक

व्हिसाचा निर्णय लागल्याशिवाय पुढचे काहीच ठरवू नये, म्हणून तेवढ्याविषयी आधी लिहितो. ग्रीनलंड डेन्मार्कच्या राज्याचा भाग आहे, पण तो शेंगेन क्षेत्रात नाही आणि युरोपीय संघातही नाही. 1979 मध्ये त्याला गृहशासन मिळाले, 1985 मध्ये तो तेव्हाच्या युरोपीय समुदायातून बाहेर पडला आणि 2009 पासून तेथे स्वशासनाचा कायदा लागू आहे. असे असले तरी परकीयांच्या प्रवेशाचे निर्णय अजून डेन्मार्कच घेतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की व्हिसा डेन्मार्कच्या वकिलातीकडूनच मिळतो, परंतु डेन्मार्कचा साधा शेंगेन व्हिसा ग्रीनलंडसाठी आपोआप चालत नाही; तो ग्रीनलंडसाठी वैध असल्याचा स्पष्ट उल्लेख व्हिसावर असावा लागतो. फ्रान्स, इटली किंवा अन्य देशाने दिलेला शेंगेन व्हिसा हातात असेल, तर त्यावर हा उल्लेख असण्याचा प्रश्नच येत नाही.

म्हणून अर्ज डेन्मार्ककडे करावा, प्रवासाचे ठिकाण म्हणून ग्रीनलंडचे नाव अर्जात आणि सोबतच्या पत्रात ठळक लिहावे, आणि नूक व इलुलिस्सातच्या मुक्कामाची आरक्षणे जोडावीत. पासपोर्ट परत हाती पडताच व्हिसावरील मजकूर तेथेच वाचून पाहावा. कोपनहेगनहून नूकला जाताना तुम्ही कागदोपत्री शेंगेन क्षेत्राच्या बाहेर पडता आणि परतताना पुन्हा आत येता, त्यामुळे एकाच प्रवेशाचा व्हिसा घेऊ नये. एकाहून अधिक प्रवेशांचा मागावा. आइसलंडमार्गे गेलात तरी हेच लागू आहे, कारण आइसलंडही शेंगेनमध्येच आहे.

विम्याकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचे वैद्यकीय संरक्षण असलेली पॉलिसी लागते आणि ती घेतली की काम झाले असे लोक समजतात. पण त्या पॉलिसीचे भौगोलिक क्षेत्र ‘शेंगेन देश’ किंवा ‘युरोप’ असे असेल, तर ग्रीनलंड त्यात बसेलच असे नाही. भूगोलाच्या दृष्टीने ते बेट उत्तर अमेरिकेत मोडते. विमा कंपनीकडून ग्रीनलंडचा नावानिशी समावेश लेखी घ्यावा आणि रुग्णाला विमानाने दुसऱ्या देशात हलविण्याचा खर्च त्यात आहे ना, हे पाहावे. नूकमध्ये क्वीन इन्ग्रिड रुग्णालय आहे, अन्य शहरांत लहान रुग्णालये किंवा आरोग्य केंद्रे आहेत, परंतु गंभीर रुग्णाला अनेकदा कोपनहेगन किंवा रेक्याविकला न्यावे लागते. आईंचे वय पाहता विम्याचा हा भाग माझ्या मते तिकिटाइतकाच महत्त्वाचा आहे. त्यांची नेहमीची औषधे संपूर्ण प्रवासाला पुरून वर आठवडाभर उरतील इतकी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवावीत. आपल्या सवयीची औषधांची दुकाने तेथे नाहीत. औषधे आरोग्य केंद्रातूनच मिळतात.

उत्तर: धावपट्टी

राखीव दिवसांविषयी तुम्ही विचारले आहे. त्याचे उत्तर तेथील विमानतळांच्या रचनेत दडलेले आहे, म्हणून थोडे मागे जाऊन सांगतो. कांगरलुस्सुआकचा विमानतळ अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात, 1941 मध्ये लष्करी तळ म्हणून बांधला. लांबलचक फ्योर्डच्या टोकाशी, समुद्रापासून बराच आत असल्यामुळे तेथे धुके कमी आणि हवामान स्थिर असते. अमेरिकेने 1992 मध्ये तळ सोडल्यानंतरही कोपनहेगनची मोठी विमाने तेथेच उतरत राहिली, आणि प्रवासी तेथून लहान विमानांनी नूकला किंवा इलुलिस्सातला जात. नूकमध्ये 2200 मीटरची नवी धावपट्टी 28 नोव्हेंबर 2024 रोजी सुरू झाली आणि तेव्हापासून कोपनहेगनचे विमान थेट राजधानीत उतरते. प्रवास सुमारे साडेचार तासांचा आहे. आइसलंडमधील केफ्लाविकहूनही नूकला विमाने आहेत.

वेळ वाचला हे खरे, पण राजधानी उघड्या किनाऱ्यावर आहे. तेथे धुके, वारा आणि ढग यांचा उपद्रव कांगरलुस्सुआकपेक्षा अधिक होतो. इलुलिस्सातची जुनी धावपट्टी तर जेमतेम 845 मीटरची असल्याने तेथे आजवर डॅश-8 सारखी पंख्यांची लहान विमानेच उतरत आली. तेथेही 2200 मीटरच्या नव्या धावपट्टीचे काम हाती घेतलेले असून ती 2026 मध्ये सुरू करण्याचे नियोजन आहे, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी त्या वेळची स्थिती पाहून घ्यावी. मात्र धावपट्टी कितीही लांब केली तरी इलुलिस्सातसमोरच्या डिस्को उपसागरावरचे उन्हाळी धुके हटणार नाही. समुद्रात बर्फ, वर कोवळी उबदार हवा, अशा स्थितीत ते तासाभरात दाटते आणि कधी दिवसभर बसून राहते.

यावरून माझा स्पष्ट सल्ला असा की चार ठिकाणांचा बेत सोडून द्यावा. नूक आणि इलुलिस्सात ही दोनच ठिकाणे ठेवावीत. हिमचादरीची फार ओढ असेल तर कांगरलुस्सुआक हे तिसरे, पण ते नूकच्या वाट्यातून काढावे. दक्षिणेतील काकोर्तोक, नारसाक आणि ह्वाल्सेचे चर्च हा स्वतंत्र प्रवासाचा विषय आहे. त्या चर्चमध्ये 1408 मध्ये झालेला विवाह ही ग्रीनलंडमधील नॉर्स वसाहतीची शेवटची लेखी नोंद आहे, त्यामुळे इतिहासाची आवड असलेल्याला ते सोडणे जड जाते, याची मला कल्पना आहे. तरीही एका प्रवासात उत्तर आणि दक्षिण जोडायचे म्हटले की प्रत्येक जोडणीगणिक एक दिवस धोक्यात येतो.

क्रम असा असावा: नूकला उतरल्यावर लगेच किंवा एका मुक्कामानंतर इलुलिस्सात गाठावे, मुख्य वेळ तेथे घालवावा, आणि परतीच्या मोठ्या विमानाच्या किमान दोन, शक्य असल्यास तीन दिवस आधी नूकला परत यावे. म्हणजे राखीव दिवस वेगळे काढावे लागत नाहीत. हवामान चांगले राहिले तर ते नूक पाहण्याचे दिवस होतात आणि बिघडले तर तेच तुम्हाला वाचवतात. पुष्कळ जण याच्या उलट करतात, म्हणजे राजधानी आधी निवांत पाहतात आणि इलुलिस्सातहून परतताना त्याच दिवशी कोपनहेगनचे विमान धरायचे ठरवतात. ती आखणी मला धोक्याची वाटते.

तिकिटाविषयीही तेवढेच सांगतो. कोपनहेगन ते इलुलिस्सात आणि परत हा सर्व प्रवास एकाच आरक्षणात असावा. मधले विमान चुकले किंवा रद्द झाले, तर पुढच्या विमानात बसविण्याची जबाबदारी विमान कंपनीवर राहते. आंतरराष्ट्रीय तिकीट एका संकेतस्थळावरून आणि देशांतर्गत तिकीट दुसरीकडून स्वस्तात घेतले, तर ही जबाबदारी कोणाचीच नसते, आणि भर हंगामात पुढच्या लहान विमानात तीन जागा एकत्र मिळणे अवघड असते. लहान विमानात सामानाच्या वजनाची मर्यादा कडक पाळली जाते, तेव्हा मोठ्या विमानाच्या हिशेबाने पेट्या भरू नयेत.

तुमच्या तिकिटांवर उपयोगी पडेल असा आणखी एक बारकावा आहे. 2023 मध्ये ग्रीनलंडच्या बहुतांश भागाने आपली प्रमाणवेळ बदलली, त्यामुळे जुन्या मार्गदर्शकांतील वेळेचे फरक आता लागू पडत नाहीत. तिकिटावरील वेळा स्थानिक आहेत असे धरून चालावे.

उत्तर: कोरडा शिधा

शाकाहाराविषयी माझ्याकडून. उपाशी राहावे लागत नाही, पण हॉटेलच्या भरवशावर राहू नये. तेथे शेती जवळजवळ नाही. दक्षिणेकडे मेंढपाळ आहेत आणि थोडे बटाटे पिकतात, बाकी भाजीपाला जहाजाने डेन्मार्कहून येतो. स्थानिक आहार सील, देवमासा, रेनडिअर, कस्तुरी बैल, हॅलिबट आणि कोळंबी यांवर उभा आहे, आणि हजारो वर्षे त्यावरच माणसे तेथे टिकून राहिली, याचा विसर पडू नये.

नूक आणि इलुलिस्सात येथील ब्रुगसेनी व पिसिफिक या मोठ्या दुकानांत पाव, दूध, दही, चीज, अंडी, तांदूळ, पास्ता, डबाबंद कडधान्ये आणि गोठवलेल्या भाज्या नेहमी असतात. ताजी फळे महाग असतात आणि जहाज कधी आले यावर त्यांची अवस्था ठरते. छोट्या वस्त्यांत पिलेर्सुइसोक नावाचे सरकारी दुकान हेच सर्वस्व असते; अन्न, दारूगोळा, सुई-दोरा, सगळे तेथेच मिळते, पण निवड अगदी मर्यादित. म्हणून स्वयंपाकघर असलेली सदनिका घ्यावी, आईंना रुचेल असे कोरडे पीठ, डाळी, मसाले आणि पटकन शिजणारे पदार्थ बरोबर न्यावेत. उपाहारगृहात मांसाच्या रसाशिवाय केलेले सूप हवे असेल तर तसे आधी विचारावे लागते; नुसते ‘मांस नको’ म्हटल्यावर मासे येण्याची शक्यता मोठी आहे. दिवसभराच्या बोटीच्या सहलीत जेवण समाविष्ट असते तेव्हा आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे. नळाचे पाणी उत्तम असते, बाटल्या विकत घेण्याचे कारण नाही.

वाटेवरचा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. धावपट्टी यांच्या उत्तरानंतर दक्षिणेचा भाग वगळला आहे. आता दोन शंका उरल्या आहेत. विमानाऐवजी किनाऱ्याने जाणाऱ्या बोटीने नूक ते इलुलिस्सात प्रवास केला तर धुक्याचा प्रश्न सुटेल का? आणि इलुलिस्सातमध्ये हिमफ्योर्ड पाहण्यासाठी किती चालावे लागते? आईला लांबूनच पाहून समाधान मानावे लागेल असे होऊ नये, अशी इच्छा आहे.

उत्तर: किनारामार्ग

बोटीचा विचार अवश्य करावा. सार्फाक इत्तुक हे जहाज दक्षिणेतील काकोर्तोकपासून उत्तरेस इलुलिस्सातपर्यंत आठवड्यातून एकदा जाते आणि तसेच परत येते. नूक ते इलुलिस्सात हे अंतर ते साधारण दीड-दोन दिवसांत कापते. मध्ये मानिट्सोक, सिसिमिउत आणि आसिआत ही शहरे लागतात. आर्क्टिक वृत्त मानिट्सोक आणि सिसिमिउतच्या दरम्यान ओलांडले जाते. हे पर्यटकांचे विलासी जहाज नव्हे. शाळकरी मुले, आजी-आजोबा, शिकारी, कामगार असे तेथलेच लोक त्यातून ये-जा करतात. त्यामुळे देश पाहण्याची ती सर्वांत चांगली खिडकी आहे असे मला वाटते. विमानातून दिसणारा किनारा आणि जहाजाच्या कठड्यावरून तासन्‌तास सरकत जाणारा किनारा यांत फार फरक आहे. जहाजावर खासगी केबिन असतात आणि स्वस्तात पडद्याआडच्या सामाईक झोपण्याच्या जागाही असतात. आईंसाठी केबिनच घ्यावी आणि ती फार आधी घ्यावी, कारण जुलैमध्ये त्या लवकर भरतात. धुक्यात जहाज सावकाश चालते, पण सहसा रद्द होत नाही. उघड्या समुद्रात काही वेळ हेलकावे बसतात, तेव्हा उलटी थांबविणारे औषध जवळ असू द्यावे.

माझ्या मते जाताना जहाज आणि येताना विमान, असे करावे.

उत्तर: धावपट्टी

किनारामार्ग यांच्या जहाजप्रेमाशी मी सहमत आहे, परंतु दिशेशी नाही. जहाज आठवड्यातून एकदाच आहे. कोपनहेगनचे विमान एक दिवस उशिरा आले आणि जहाज निघून गेले, तर तुमच्या हातून केबिनचे पैसे जातातच, शिवाय भर हंगामात इलुलिस्सातच्या विमानात ऐनवेळी तीन जागा शोधाव्या लागतात. त्यापेक्षा जाताना विमानाने जावे आणि दक्षिणेकडे येताना जहाज धरावे. इलुलिस्सातमध्ये तुम्ही आधीच पोहोचलेले असाल, त्यामुळे जहाज चुकण्याचा संभव उरत नाही; आणि नूकला उतरल्यावर मोठ्या विमानापर्यंतचे राखीव दिवस तसेच शिल्लक राहतात. अट एवढीच की जहाज इलुलिस्सातहून सुटण्याचा वार आधी पाहून मग कोपनहेगनचे तिकीट काढावे, उलट नव्हे.

त्या राखीव दिवसांत नूकमध्ये करण्यासारखे पुष्कळ आहे. राष्ट्रीय संग्रहालयात किलाकित्सोकच्या ममी आहेत. सहा स्त्रिया आणि दोन मुले यांचे साधारण 1475 च्या सुमारास दफन झालेले देह थंड, कोरड्या हवेमुळे कपड्यांसह टिकून राहिले आणि 1972 मध्ये दोन भावांना शिकारीच्या वेळी सापडले. त्यांच्या अंगावरील सीलच्या कातड्याची शिवण पाहिल्यावर, आपल्या जाकिटांविषयीचा अभिमान थोडा कमी होतो. कातुआक हे सांस्कृतिक केंद्र जवळच आहे, शहरात बस चालते, आणि हवा मोकळी असेल तर नूकच्या फ्योर्डमधून सेर्मित्सिआक पर्वताच्या बाजूने बोटीची सहल होते. नूक आर्क्टिक वृत्ताच्या दक्षिणेस असल्याने तेथे मध्यरात्रीचा सूर्य दिसत नाही, जुलैमध्ये रात्री फक्त संधिप्रकाश असतो. इलुलिस्सातमध्ये तो साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या चौथ्या आठवड्याच्या आरंभापर्यंत मावळत नाही, तेव्हा तोही हवा असेल तर तुमच्या तारखा चार-सहा दिवस अलीकडे ओढाव्यात.

उत्तर: हिमफ्योर्ड

आईंची चिंता करू नये. इलुलिस्सात हे असे दुर्मीळ ठिकाण आहे, जेथे सर्वांत भव्य दृश्य सर्वांत सोप्या वाटेवर आहे. शहराच्या दक्षिण टोकाशी 2021 मध्ये उघडलेले हिमफ्योर्ड केंद्र आहे. तेथपर्यंत टॅक्सी जाते. त्या इमारतीचे छत हीच एक चालण्याजोगी वाट असून तिच्यावरून पलीकडचा बर्फ दिसतो. तेथून सेर्मेर्मिउत या प्राचीन वस्तीच्या जागेकडे सव्वा किलोमीटरच्या आसपास लाकडी फळ्यांची वाट जाते. चढ-उतार आहेत, पण खडकांवर पाय टाकावा लागत नाही, आणि मध्ये बसण्याच्या जागाही आहेत. त्या वाटेच्या शेवटी समोर जे उभे असते, ते पाहायला जगभरातून लोक येतात. तेथून पुढे पिवळ्या, निळ्या अशा रंगखुणांच्या पायवाटा खडकांवरून जातात. त्या तुम्ही दोघांनी कराव्यात, आईंनी करू नयेत.

एवढे मोठे हिमनग शहराच्या उंबरठ्यावर का, हे कळले की पाहण्यातली गोडी वाढते. सेर्मेक कुजाल्लेक ही हिमनदी दिवसाला 40 मीटरच्या आसपास सरकते आणि तिचे तुटलेले कडे फ्योर्डमधून समुद्राकडे ढकलले जातात. फ्योर्डच्या मुखाशी मात्र पाण्याखाली हिमनदीनेच पूर्वी आणून टाकलेल्या गाळ-दगडांचा उंबरठा आहे. मोठे हिमनग त्यावर टेकून अडकतात, वितळून आणि फुटून लहान होईपर्यंत तेथेच उभे राहतात, आणि त्यांच्या मागे सगळी रांग खोळंबते. युनेस्कोने 2004 मध्ये या फ्योर्डला जागतिक वारसास्थळांच्या यादीत घेतले.

आता इशारा, आणि तो कृपया गांभीर्याने घ्यावा. सेर्मेर्मिउतच्या खाली छोटा किनारा आहे आणि तेथे उतरू नये अशी पाटी आहे. शांत दिसणारा हिमनग उलटला किंवा फुटला की काही क्षणांत मोठी लाट किनाऱ्यावर येते, आणि पळायला वेळ मिळत नाही. छायाचित्रासाठी तेथे उतरणारे दरवर्षी दिसतात. आणखी उत्तरेस कर्रात फ्योर्डमध्ये 17 जून 2017 रोजी दरड समुद्रात कोसळून उठलेल्या लाटेने नूगात्सिआक ही वस्ती उद्ध्वस्त केली आणि चौघांचा बळी घेतला. कारण वेगळे होते, पण अरुंद फ्योर्डमधले पाणी किती वेगाने चालून येते हे त्यावरून समजावे. बोटीच्या सहलीतही चालक हिमनगापासून अंतर राखून थांबतो, तेव्हा त्याला अधिक जवळ नेण्याचा आग्रह करू नये.

बोटीची सहल मध्यरात्रीच्या सुमाराची घ्यावी. सूर्य क्षितिजालगत असतो आणि बर्फावर त्या वेळचा उजेड दुपारच्या पांढऱ्या झगझगाटापेक्षा कितीतरी चांगला असतो. त्या सहलीला मात्र जुलैतही लोकरी टोपी, हातमोजे, जाड मोजे आणि वारा अडवणारे बाह्यवस्त्र हवेच. दिवसा शहरात आठ-दहा अंश असले तरी बर्फावरून येणारा वारा हाडात शिरतो. आईंसाठी अंगालगत लोकरीचा पातळ थर आणि त्यावर उबदार मधला थर असावा. एकच जाडजूड कोट उपयोगाचा नाही. उन्हाचा चष्मा विसरू नये, आणि झोपण्यासाठी डोळ्यांवरची पट्टी न्यावी.

जुलै म्हणजे डासांचाही हंगाम. बोटीवर आणि वाऱ्यात ते नसतात, पण आतल्या भागात, विशेषतः कांगरलुस्सुआककडे, तोंडावर जाळी घेतल्याशिवाय उभे राहवत नाही. ही जाळी स्वस्त असते आणि खिशात मावते, तरी लोक ती घेत नाहीत.

शहराच्या कडेला शेकडो स्लेज कुत्रे साखळीला बांधलेले दिसतील. ते पाळीव लाडके प्राणी नाहीत, कामाचे आहेत. साखळीच्या टप्प्यात जाऊ नये, हात लावू नये आणि खाऊ घालू नये. पिल्ले मोकळी फिरतात आणि अंगाशी येतात, पण त्यांची आई बहुधा जवळच बांधलेली असते. याच कुत्र्यांची जात शुद्ध राहावी म्हणून त्यांच्या प्रदेशात, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेस आणि पूर्व ग्रीनलंडमध्ये, अन्य जातीचे कुत्रे नेण्यास मनाई आहे.

उत्तर: क्रोनर आणि तारा

पैशांचे राहून गेले म्हणून लिहिते. चलन डॅनिश क्रोन. शहरांत कार्ड जवळजवळ सर्वत्र चालते, तरी छोट्या वस्तीत जाणार असाल तर रोख रक्कम इलुलिस्सातमध्येच काढून घ्यावी, कारण अशा वस्तीत पैसे देणारे यंत्र असेलच असे नाही. खर्चाचा अंदाज बांधताना डेन्मार्कच्या दरांपासून सुरुवात करावी आणि वर चढावे: जुलैमध्ये दोघांच्या हॉटेलच्या खोलीला हजार-दीड हजार क्रोनच्या खाली काही बरे मिळणे कठीण आहे. सदनिका तिघांत स्वस्त पडते.

दूरध्वनी आणि इंटरनेट तुसास या कंपनीकडे आहे. युरोपीय संघातील रोमिंगच्या सवलती ग्रीनलंडला लागू नाहीत, त्यामुळे कोपनहेगनमध्ये घेतलेले सिम नूकमध्ये चालू राहिले तर बिल धक्कादायक येऊ शकते. विमान उतरण्यापूर्वी डेटा बंद करावा आणि तुसासचे स्थानिक सिम घ्यावे. शहर किंवा वस्ती सोडली की कोणतेच जाळे राहत नाही, म्हणून नकाशे, तिकिटे आणि विम्याचे कागद फोनमध्ये उतरवून ठेवावेत. विजेचे सॉकेट डॅनिश पद्धतीचे, 230 व्होल्टचे आहेत. युरोपातील दोन गोल दांड्यांचा प्लग त्यांत बसतो, भारतीय तीन दांड्यांचा बसत नाही.

खरेदीविषयी एक सूचना. तुपिलाक नावाच्या छोट्या कोरीव मूर्ती सर्वत्र दिसतील. त्यांतील काही नार्व्हाल या लांब सुळ्याच्या देवमाशाचा किंवा वॉलरसचा सुळा आणि देवमाशाचा दात यांपासून केलेल्या असतात. अशा वस्तू देशाबाहेर नेण्यावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. काहींना परवाना लागतो, काही नेताच येत नाहीत, आणि परवाना असला तरी परतीच्या वाटेवरील प्रत्येक देश त्यांना आत येऊ देईलच असे नाही. रेनडिअरच्या शिंगाची किंवा दगडाची मूर्ती घ्यावी आणि ती कशाची आहे हे पावतीवर लिहून मागावे. सीलच्या कातड्याच्या वस्तूंबाबतही प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत. मी असते तर घेतल्या नसत्या.

आणि शाकाहारी आईंना आधीच सांगून ठेवावे: बंदरावर सील कापताना दिसेल, किनाऱ्यावर रक्त दिसेल, मच्छीबाजारात देवमाशाचे मांस दिसेल. तेथील लोकांना त्यात लपविण्यासारखे काही वाटत नाही. मात्र परवानगी न विचारता त्याची छायाचित्रे काढून जगाला दाखविणाऱ्या पाहुण्यांचा त्यांना कंटाळा आलेला आहे. कॅमेरा उचलण्यापूर्वी विचारावे, नको म्हटले तर खाली घ्यावा. कोणी घरी काफेमिकला बोलावले, तर जरूर जावे. वाढदिवस, बारसे किंवा शाळेचा पहिला दिवस अशा निमित्ताने दिवसभर घर उघडे ठेवून कॉफी आणि केक देण्याची ती पद्धत आहे. बूट दाराशी काढावेत, थोडा वेळ बसावे, आणि पुढच्या पाहुण्यांना जागा व्हावी म्हणून वेळेवर उठावे. केक पाच-सहा प्रकारचे असतात, त्यामुळे त्या दिवशी आईंच्या जेवणाची काळजी उरणार नाही.

वाटेवरचा

आता आखणी बदलली आहे: तारखा जुलैच्या दुसऱ्या आठवड्याकडे आणल्या, कोपनहेगन ते इलुलिस्सात एकाच आरक्षणात, परतीला इलुलिस्सातहून नूकपर्यंत जहाज आणि शेवटचे तीन दिवस नूकमध्ये. कांगरलुस्सुआक वगळले. नूक ते कोपनहेगन हा परतीचा टप्पाही त्याच आरक्षणात ठेवायचा, तर जाताना इलुलिस्सातला उतरून परतताना नूकहून निघणारे तिकीट एकत्र काढता येते का?

उत्तर: धावपट्टी

काढता येते. आरक्षण करताना ‘परतीचा प्रवास’ हा पर्याय न निवडता ‘अनेक शहरे’ हा निवडावा, म्हणजे जाण्याचे ठिकाण इलुलिस्सात आणि परतीचे ठिकाण नूक असे वेगवेगळे भरता येते आणि तिकीट एकच राहते. संकेतस्थळावर तसे जमले नाही तर विमान कंपनीला लिहावे. ‘कोपनहेगन ते इलुलिस्सात आणि परत’ असे तिकीट काढून परतीचा पहिला टप्पा सोडून देण्याचा मोह मात्र टाळावा. एक टप्पा न वापरल्यास पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होऊ शकतात. व्हिसाच्या अर्जाला हेच तिकीट आणि जहाजाचे आरक्षण, दोन्ही जोडावीत, म्हणजे मधले दोन दिवस तुम्ही कोठे आहात हा प्रश्न कोणी विचारणार नाही.